पावती नको, पट्ट्या द्या

जानेवारीत कुणी अनोळखी माणूस हातात वही घेऊन गाळ्याच्या दारात उभा राहिला, की तो शिवजयंतीच्या वर्गणीला आलाय हे आम्हा पुण्याच्या नऱ्ह्यातल्या कारखानदारांना सांगावं लागत नाही. म्हणून त्या शनिवारी दुपारी एक बाई वही घेऊन आत शिरल्या, तेव्हा मी ड्रॉवरमधून ५०० ची नोट काढूनच ठेवली. घासाघीस करत बसण्यापेक्षा पावती फाडायची आणि कामाला लागायचं, हा माझा २२ वर्षांचा शिरस्ता.

बाई वर्गणीवाल्या नव्हत्या. आमच्या पत्र्याच्या प्रेसवरच्या ऑपरेटरची मुलगी महापालिकेच्या ज्या शाळेत सहावीत आहे, तिथे त्या विज्ञान शिकवतात. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या आसपास त्यांना शाळेत एक संध्याकाळ करायची होती. नेहमीचं प्रदर्शन नाही. मूल आणि त्याच्या घरातलं एक मोठं माणूस, दोघांनी एका बाकावर बसून स्वतःच्या हातांनी प्रयोग करायचा. माझी मेहुणी अमेरिकेत आहे, तिच्या मुलांच्या शाळेत असं काहीतरी होतं आणि आसपासचे दुकानदार त्याला मदत करतात, एवढं मला ऐकून माहीत होतं. मी म्हटलं, छान उपक्रम आहे, आणि ५०० ची नोट मागे घेऊन २,००० पुढे सरकवले. मनात हाच हिशोब की बाई आता आभार मानून जातील.

त्यांनी पैशांकडे पाहिलंही नाही. "दादा, पावती नको. पट्ट्या द्या."

तांबं, पितळ, अॅल्युमिनियम आणि स्टेनलेस स्टील. चारही पट्ट्यांची लांबी, रुंदी, जाडी अगदी सारखी. असे १२ संच. "आणि कडा हाताला लागायला नकोत. मागच्या वर्षी मी पत्रेवाल्याकडून कापून आणल्या होत्या, दोन मुलांची बोटं कापली."

आता धंद्यातल्या माणसाला असं बोललं की झोंबतं. आमच्याकडून पॅनेलचे बॉक्स जातात, त्यांना बर, म्हणजे कापलेल्या कडेवरची बोचरी किनार, राहिला तर माल परत येतो. शाळेच्या बाईंनी मला बर काढायला शिकवावं? मी जरा ताठ्यातच म्हटलं, होऊन जाईल.

त्या गेल्यावर लक्षात आलं, तांबं आणि पितळ माझ्याकडे नाहीच. माझा धंदा लोखंडाचा आणि स्टेनलेसचा. अॅल्युमिनियमचे ऑफकट, म्हणजे कापून उरलेले तुकडे, अधूनमधून असतात.

तांब्यासाठी कसब्यात गेलो. तांबट आळीत आता पूर्वीइतकी ठोकठोक नाही, पण काही घरं अजून हंडे-घंगाळी ठोकतात. एका कारागिरानं दीड एमएम तांब्याच्या पत्र्याचा तुकडा वजनावर दिला. पितळही दिलं. कशाला हवंय ते विचारलं. मी सांगितल्यावर पैसे मोजून घेतले (तांब्याचे भाव ज्याला माहीत आहेत तो फुकट देणार नाही, आणि देऊही नये) आणि वर एक जुना, चेपलेला तांब्याचा तांब्या दिला. म्हणाला, "पोरांना हा पण दाखवा. याला एकही सांधा नाही. एका चकतीतून ठोकलाय." तो तांब्या पुढे त्या संध्याकाळी टेबलावर नुसता ठेवला होता, तरी त्याच्याभोवती कायम चार-पाच माणसं होती. असं काही आखता येत नाही.

पट्ट्या कापल्या: २०० एमएम लांब, २० रुंद, दीड जाड. हेल्परला कानस घेऊन बसवलं. सगळ्यांवरून अंगठा फिरवून मी स्वतः तपासल्या. मग वाटलं, प्रयोग तरी करून बघू. बाईंनी वहीतलं पान फाडून दिलं होतं. पट्टीच्या एका टोकाला मेणबत्ती, दुसऱ्या टोकाकडे मेणानं चिकटवलेल्या टाचण्या. जो धातू उष्णता लवकर पुढे नेतो, त्याची टाचणी आधी पडते. तांबं पहिलं, मग अॅल्युमिनियम, मग पितळ, आणि स्टेनलेस सगळ्यात शेवटी. हे मलाही माहीत होतं. स्टेनलेसला वेल्डिंग केलं की त्याच जागी आग आग होते आणि वीतभर पलीकडे हात लावता येतो, हे रोजचं आहे.

जेवणाच्या सुट्टीत सगळी माणसं जमली. मेणबत्त्या लावल्या आणि अॅल्युमिनियमची टाचणी आधी पडली.

पंखा बंद करून पुन्हा केलं. पुन्हा अॅल्युमिनियम. हेल्पर म्हणाला, "शेठ, तांब्यात भेसळ आहे." मला तांबट आळीतल्या त्या माणसाचा चेहरा आठवला आणि मी ते मानायला तयार नव्हतो. शेवटी पट्ट्या वजनकाट्यावर टाकल्या. तांब्याची ५४ ग्रॅम, अॅल्युमिनियमची १६. म्हणजे तांब्यात भेसळ नव्हती, आकारमान आणि वजन बरोबर जुळत होतं. पण तिथेच डोक्यात दिवा लागला. पट्ट्या मापाला सारख्या असल्या तरी तेवढंच तापायला तांब्याच्या पट्टीला जवळजवळ दीडपट उष्णता लागते. आणि मेणबत्ती देऊन देऊन देणार किती? तांबं पळायला पुढे आहे, पण त्याच्या पाठीवर ओझंही जास्त आहे.

संध्याकाळी बाईंना फोन केला. मला वाटलं होतं, वैतागतील. त्या खूश झाल्या. म्हणाल्या, मेणबत्ती नाहीतरी लहान मुलांजवळ नकोच होती, आपण पट्ट्या उकळत्या पाण्यात उभ्या करू. पाण्यात उष्णता भरपूर, ती कमी पडणार नाही. आणि मेणाऐवजी डालडा. मी टाचणीऐवजी काय ते विचारलं. "महाशिवरात्र त्याच सुमारास आहे. घरोघरी साबुदाणा असेल."

गाळ्यातच पुन्हा करून पाहिलं. पट्टीवर पाण्याच्या वर चार बोटं डालड्याचा ठिपका, त्यावर साबुदाण्याचा दाणा. चार वेळा केलं. तीनदा तांबं थोडक्यात पुढे, एकदा दोन्ही दाणे बरोबरच घसरले. स्टेनलेसचा दाणा आमची सुट्टी संपेपर्यंत तिथेच. ही बाईंची पद्धत मला आवडली: वस्तू घरातल्या, आणि निकाल थोडा खटका ठेवणारा. त्यांनी शिकवण्याचं प्रशिक्षण आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत घेतलेलं होतं. तिथे अरविंद गुप्ता मुलांना काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून आकार करायला शिकवत. ते आधी टेल्कोत, म्हणजे आताच्या टाटा मोटर्समध्ये, इंजिनिअर होते, हे बाईंनी मला मुद्दाम सांगितलं. मी शॉप फ्लोअरवरचा माणूस, बरोबर जागी नेम लागला.

यानंतर मी अडकलोच. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीला बाईंनी बोलावलं. शिक्षण हक्क कायद्यानुसार या समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या बायका असाव्या लागतात. मी तोवर समजत होतो की हे सगळं कागदावरच असतं. तिथे अध्यक्ष होत्या पोळी-भाजी केंद्र चालवणाऱ्या एक ताई, आणि त्यांच्यासमोर मुख्याध्यापकही जपून बोलत होते.

सगळा वेळ गेला तो कुठल्या वारी करायचं यात. शाळेला रविवार सोयीचा. पण घरकाम करणाऱ्या बायकांना रविवारी जास्त काम, कारण त्या दिवशी लोकांकडे पाहुणे. शनिवारी बांधकामावरच्यांचा पगार, संध्याकाळी मुकादमाच्या मागे उभं राहावं लागतं. आमच्या भागातल्या कारखान्यांना सुट्टी गुरुवारी. शेवटी गुरुवार ठरला, साडेसहानंतर. तारीख २७ फेब्रुवारी २०२५. सकाळी मराठी भाषा गौरव दिनाचा कार्यक्रम होताच, मंडप नाहीतरी असणार.

मग कुणीतरी कॅलेंडर उघडलं. २७ ला अमावास्या.

दोन-तीन बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. एक आजोबा म्हणाले, "दुसरा दिवस नाही का?" बाई काहीतरी बोलणार एवढ्यात अध्यक्ष ताई म्हणाल्या, "अमावास्येला माझ्याकडच्या पोळ्या कुणी कमी मागतं का? नाही ना? मग ठेवा गुरुवारीच." विषय संपला. असल्या प्रश्नावर भाषण न देता पुढे जाता येतं, हे मी त्या दिवशी पाहिलं.

परवानगीचं थोडक्यात सांगतो. शाळेच्या वेळेनंतर इमारत वापरायची म्हणून एका कार्यालयात अर्ज दिला, तीन खेपा झाल्या, तिसऱ्या खेपेला अर्ज सापडला. पुढे.

मदतीला कोण कोण आलं? चष्म्याचा दुकानदार, मोटार वायंडिंगवाला, शाळेच्या फाटकाजवळचा चहावाला, इंजिनिअरिंगची पाच मुलं, एक निवृत्त बँक अधिकारी. त्यांना रात्रीचं आकाश दाखवायचं वेड. तरुणपणी टिळक स्मारक मंदिरातल्या खगोलप्रेमींच्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेत जायचे. ही संस्था १९४४ पासूनची आहे. वायंडिंगवाल्यानं जळक्या मोटारींमधली तार उलगडून आणली. तिच्यावरचा इनॅमलचा थर दोन्ही टोकांना पूर्ण खरवडला तर तिच्या वेटोळ्याची, सेलवर फिरणारी छोटी मोटर दचकते आणि थांबते. एका टोकाला वरचाच अर्धा भाग खरवडायचा. हे त्यानं मुलांना शिकवलं, पण त्याआधी इंजिनिअरिंगच्या मुलांना शिकवावं लागलं.

आणि एक मोठी कंपनीही आली होती, म्हणजे येता येता राहिली. कुणाच्या तरी ओळखीनं त्यांचे अधिकारी भेटले. मोठ्या कंपन्यांना २०१४ पासून नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे. निव्वळ नफा ५ कोटींवर, किंवा उलाढाल हजार कोटींवर, किंवा देणी वजा जाता उरणारी मालमत्ता (नेट वर्थ) ५०० कोटींवर गेली की हा नियम लागू. आमच्यासारख्यांना तो लागू नाही, आम्ही आपले ऑफकटवाले. अधिकारी सभ्य होते. सगळा खर्च उचलतो म्हणाले. फक्त कार्यक्रम कामाच्या दिवशी दुपारी तीन ते पाच व्हावा, म्हणजे त्यांचे कर्मचारी स्वयंसेवक म्हणून येऊ शकतील. मुलांना त्यांचे टी-शर्ट, स्टेजवर बॅनर, आणि पालक किती आले तो आकडा फोटोसकट.

मी खरं सांगतो, मला मोह झाला. १२ संचांऐवजी ४० करता आले असते. पण तीन ते पाच म्हटल्यावर पालक कुठून येणार? समितीत हात वर करून मत घेतलं. टी-शर्टच्या बाजूनं चार जण होते, वेळेच्या बाजूनं एकही नाही. अधिकाऱ्यांना मुख्याध्यापकांनी नम्रपणे कळवलं. त्यांचंही चुकलं असं मी म्हणणार नाही, त्यांना वर हिशोब द्यायचा असतो. पण ज्याचा फोटो चांगला येतो तोच कार्यक्रम चांगला, ही सवय एकदा लागली की शाळेत आईबाप कमी आणि पाहुणे जास्त दिसतात.

२७ तारखेला साडेसहाला ११ कुटुंबं हजर. आम्ही स्वयंसेवक १४. बाई शांत होत्या, मी नव्हतो. फाटकाजवळचा चहावाला म्हणाला, "साहेब, सात वाजू द्या. बसा येतात सातला." सव्वासातपर्यंत ३० च्या वर घरं जमली. कुणी रंगकामावरून थेट, पापण्यांवर रंगाची पावडर. कुणी कडेवर तान्हं घेऊन. एका मुलाबरोबर त्याची दहावीतली बहीण आली होती, परवा पेपर असूनही, कारण आईबाप दोघं कामावर होते. बाईंनी तिला मोठं माणूस धरलं.

पण आलेली माणसं भिंतीला टेकून उभी राहिली. मुलाला पुढे ढकलायचं, "तू कर, मला काय कळतंय." बाईंनी याची तयारी केली होती. प्रत्येक बाकावर खडू ठेवला होता आणि नियम एकच: आधी अंदाज लिहायचा, मग हात लावायचा, आणि अंदाज मोठ्या माणसाचा वेगळा, मुलाचा वेगळा. लिहिता येत नसेल तर त्या पट्टीसमोर फुली मारायची. कोणाचा दाणा आधी पडणार, यावर पैज म्हटल्यावर भिंतीजवळची माणसं हळूहळू बाकावर आली. बहुतेक बायकांनी पितळेवर फुली मारली. पितळेच्या पातेल्यात दूध लवकर तापतं म्हणे.

आम्हा स्वयंसेवकांना ताकीद होती, उत्तर सांगायचं नाही. पहिल्याच बाकावर मी ती मोडली. एका रिक्षावाल्या दादांनी "तांबं का?" असं विचारलं आणि माझ्या तोंडून "बरोबर!" निघून गेलं. बाईंनी लांबून असं पाहिलं की मी उरलेला वेळ किटलीतलं गरम पाणी ओतण्याचं काम केलं. इंजिनिअरिंगची मुलं त्याहून वाईट. एकानं समोर बसलेल्या आजींना 'थर्मल कंडक्टिव्हिटी' म्हणजे काय ते सांगायला घेतलं. आजी मान डोलवत होत्या आणि त्यांचा नातू साबुदाणा खात होता.

पाणी चहावाल्याच्या शेगडीवर उकळत होतं. त्यात एका मुलानं थर्मामीटर धरला आणि म्हणाला, बिघडलाय, ९८ च्या वर जात नाही. दुसरा थर्मामीटर आणला, तोही ९८. बँकवाल्या काकांनी सांगितलं, पुणं समुद्रापासून साधारण ५६० मीटर उंचीवर, इथे पाणी १०० पर्यंत जातच नाही. चहावाला ऐकत होता. "म्हणजे मुंबईचा चहा जास्त उकळलेला?" यावर काका बराच वेळ त्याच्याशी बोलत उभे राहिले. मागे शेगडीवर पाणी आटत होतं, ते मला बघावं लागलं.

पट्ट्यांच्या बाकांवर बहुतेक ठिकाणी तांबं जिंकलं. एका बाकावर अॅल्युमिनियम. तिथे पोपटी साडीतल्या एक बाई आपल्या मुलाबरोबर बसल्या होत्या. मंगल कार्यालयात स्वयंपाकाला जातात, एवढं नंतर कळलं. मुलगा म्हणाला, "आमचा प्रयोग चुकला." आईनं पट्ट्या उचलून दिव्याखाली धरल्या. "चुकला नाही. तांब्याला तू डालडा जाड लावलास. जाड थर वितळायला वेळ लागतो." मग पदराला हात पुसून त्यांनी चारही ठिपके पुसले, अर्ध्या साबुदाण्याएवढा डालडा प्रत्येकीला मोजून लावला, आणि पाणी नवीन मागितलं. मी ओतलं. या खेपेला तांबं पुढे, पण अगदी थोडक्यात. त्या आईचं समाधान झालं नाही. त्यांना तिसऱ्यांदा करायचं होतं, पण मागे लोक उभे होते.

आमच्या शेजारी चष्म्याच्या दुकानदाराचा बाक. माझ्या मते त्या संध्याकाळचं खरं काम तिथे झालं. त्याचं सामान काय, तर पांढरा पुठ्ठा आणि शिंप्याची टेप. बाकी सगळं पालकांच्या नाकावर. खोलीतला दिवा बंद, खिडकीतून समोरच्या इमारतीचा पेटलेला जिना दिसतोय. आजींचा वाचायचा चष्मा काढून घ्यायचा, पुठ्ठ्यासमोर धरायचा आणि मागेपुढे करायचा. एका जागी आलं की पुठ्ठ्यावर जिना उमटतो, उलटा, आणि त्यावरून कुणी उतरत असेल तर तो माणूस डोकं खाली करून वर चढतो. पहिल्यांदा हे दिसलं तेव्हा खोलीत जो आवाज झाला तो ऐकून शेजारच्या वर्गातली माणसं आली.

मग टेप. मुलानं चष्म्यापासून पुठ्ठ्यापर्यंत मोजलं: ४० सेंटिमीटर. दुकानदार आजींकडे न पाहता म्हणाला, "अडीच नंबर." आजी म्हणाल्या, "तुम्हाला कुणी सांगितलं?" दुसरा चष्मा, ५० सेंटिमीटर. "दोन नंबर." तिसऱ्याला मुलं आपणच सांगू लागली. १०० ला सेंटिमीटरनं भागायचं, एवढंच. भागाकार न आवडणारी मुलं रांगेत उभी राहून भागाकार करत होती.

एका आजोबांच्या चष्म्यातून काहीच उमटेना. कितीही पुढे-मागे केलं तरी पुठ्ठा नुसता उजळ. नातू म्हणाला, आजोबांचा चष्मा बाद झाला. दुकानदारानं नातवाला दोन्ही चष्म्यांची भिंगं चिमटीत धरून चाचपायला लावली: आजींचं मध्ये फुगीर, आजोबांचं मध्ये पातळ. लांबचं न दिसणाऱ्यांचा उणे नंबर, तो किरण गोळा करत नाही, पसरवतो. आजोबांनी चष्मा परत डोळ्यावर चढवला आणि म्हणाले, "चला, म्हणजे बिघडला नाही."

दुकानदारानं जाता जाता आपली कार्डं वाटली. नाही वाटायची असं ठरलं होतं. बाईंनी पाहिलं आणि सोडून दिलं. पुढच्या आठवड्यात सहा चष्मे विकले गेल्याचं त्यानंच मला सांगितलं, काहीशा अपराधी चेहऱ्यानं. मला त्यात वावगं वाटत नाही. ४० सेंटिमीटरच्या जागी पुठ्ठा धरून उभ्या असलेल्या एका आईला तिथेच समजलं होतं की तिला टेपवरचे आकडे दिसत नाहीत.

साडेसातच्या सुमारास मैदानात दुर्बिणीजवळ गलका झाला. बँकवाल्या काकांनी पश्चिमेकडच्या ठळक चांदणीवर दुर्बीण लावली होती. रांगेतून एकेक जण डोळा लावत होता आणि म्हणत होता, "चंद्र, चंद्र." खरोखरच कोर होती, बारीक आणि स्वच्छ. मग बैठकीत अमावास्येला हरकत घेणारे तेच आजोबा पुढे आले. त्यांनी पाहिलं, मान वर करून आकाशात पाहिलं, पुन्हा डोळा लावला. "आज अमावास्या. चंद्र नाहीच. मग ही कोर कुणाची?"

काका याच प्रश्नाची वाट पाहत असावेत. ती कोर शुक्राची होती. शुक्रालाही चंद्रासारख्या कला असतात, १६१० साली गॅलिलिओला दुर्बिणीतून हेच दिसलं आणि शुक्र पृथ्वीभोवती नाही तर सूर्याभोवती फिरतो हे पटायला त्याची मोठी मदत झाली. काकांनी एका हातात चेंडू धरून टॉर्चभोवती फिरवून दाखवला. पण माझ्या मते अर्धं काम त्या आजोबांनीच केलं होतं. ज्याला अमावास्या ठाऊक नाही, त्याला ती कोर म्हणजे चंद्रच वाटला असता. आजोबा दोनदा रांगेत उभे राहिले.

नऊला आवरलं. मुख्याध्यापकांनी आभार मानले, कुणी हार आणला नव्हता हे बरं. मी पट्ट्या गोळा केल्या, पुसल्या, मोजल्या. ४७.

पुन्हा मोजल्या. एक तांब्याची कमी. बाकाखाली, बादलीत, कचऱ्यात पाहिलं. इंजिनिअरिंगच्या मुलांपैकी एकजण म्हणाला, "काका, तांबं आहे, भंगारात गेलं असेल." बाई म्हणाल्या, जाऊ द्या, मी वहीत लिहिते. ५०-६० रुपयांची गोष्ट. पण मला ते लागलं. घरी जाऊन बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "अहो, मंडळाला इतकी वर्षं वर्गणी देता, तिचा हिशोब कधी मागितलात?" मी गप्प बसलो, पण चडफडणं काही गेलं नाही.

शनिवारी, ८ मार्चला, जेवणाच्या सुट्टीत पोपटी साडीतल्या त्या बाई गाळ्याच्या दारात आल्या. साडी वेगळी होती, पण मी ओळखलं. मुलगा बाहेर रस्त्यावर उभा, आत यायला तयार नव्हता. त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेली पट्टी माझ्या टेबलावर ठेवली. तांब्याची. एका टोकाला काळी पडलेली, गॅसवर धरलेली असावी.

मी काही बोललो नाही. त्याही माफीबिफीच्या फंदात पडल्या नाहीत.

"हिच्या जोडीच्या तिघी द्या," त्या म्हणाल्या. "एकटीनं काही कळत नाही. जावेनं तांब्याच्या बुडाचं पातेलं घेतलंय, म्हणते गॅस वाचतो. मला बघायचंय. पैसे देते."

तांबट आळीतलं पितळ थोडं उरलं होतं. हेल्परला पत्रा कापायचं शिअर मशीन चालू करायला सांगितलं. बाई जमिनीवरच्या पिवळ्या पट्ट्याबाहेर उभ्या राहून पाहत होत्या. मुलगा आता दारापर्यंत आला होता. तिन्ही पट्ट्या कापून झाल्या, मी कानस फिरवून पुढे केल्या. बाईंनी एकेकीच्या कडेवरून अंगठा नेला, स्टेनलेसच्या पट्टीशी थांबल्या आणि ती माझ्याकडे परत सरकवली.

"इथं जरा लागतंय."